बिनकागदाचा लेप्टन

हंबीरराव बर्ग्यांच्या पोटात दुखायला लागलं ते पंचाण्णव सालच्या ऑगस्टात, आणि हे दुखणं काही डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. झालं होतं एवढंच, की खालच्या बौद्धवस्तीतल्या लक्ष्मीबाईच्या अर्जुनाला, जो अजून पलटणीत होता, ऑनररी लेफ्टनंट केल्याचं पत्र गावात आलं. लक्ष्मीबाईनं ते पोस्टमनकडून तीनदा वाचून घेतलं आणि चौथ्यांदा वाचायला घेऊन आली कुणाकडं, तर हंबीररावांकडं.

"लेप्टन, बघा वं जरा," ती म्हणाली. "तुमच्यागत झाला म्हणं आमचा अर्जुना."

'तुमच्यागत' हा शब्द हंबीररावांना असा काही झोंबला, की हातातलं पत्र त्यांनी उलटं धरलंय हेसुद्धा त्यांना कळलं नाही. म्हातारीला वाचता येत नव्हतं म्हणून निभावलं.

ज्याला फौजेतलं ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. सुभेदारापर्यंत चढलेल्या जुन्या माणसाला, पेन्शनीला यायच्या सुमारास, सव्वीस जानेवारीला नाहीतर पंधरा ऑगस्टला मानाची पदवी मिळते. आधी ऑनररी लेफ्टनंट, आणि नशीब जोरावर असलं तर पुढं ऑनररी कॅप्टन. सगळ्यांना नाही मिळत, मोजक्यांना मिळते. कोरेगाव तालुक्यात घरटी एक माणूस फौजेत, तेव्हा ह्या पदवीची किंमत चुलीपुढच्या बाईलाही कळते. दारावरच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, इतकंच काय, दहाव्याच्या कार्डावरसुद्धा ती नावाच्या आधी छापून येते. आमच्या भादुलवाडीत ती एकट्या हंबीररावांकडं होती. सगळा गाव त्यांना लेप्टन म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला, मनुबाईंना, लेप्टनीण.

आता खरं सांगू का? त्यांच्याकडंही नव्हती.

ती भानगड अशी. एकोणनव्वद साल. मराठा पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेले सुभेदार हंबीरराव पेन्शनीला निघायच्या बेतात होते. दोन लढाया बघितलेला, अंगावर डाग नसलेला माणूस. साहेबानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तुमचं नाव वर पाठवलंय." झालं. नाव गेलं म्हणजे काम झालं असं धरून हंबीररावांनी घरी पत्र टाकलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. मनुबाईंनी पत्र आल्या दिवशी कोरेगावातनं पाच किलो पेढे मागवले आणि घरोघर वाटले. एक जानेवारी नव्वदला हंबीरराव एस.टी.तून उतरले तर फाट्यावर हलगी, फेटे, हार, आणि "लेप्टनसाहेबांचा विजय असो." ते म्हणाले असते, थांबा, अजून यादी लागायचीय. पण गळ्यात हार पडत असताना कोण थांबवतो? पंचवीस दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून ते गप्प बसले.

सव्वीस जानेवारीच्या यादीत नाव नव्हतं. पंधरा ऑगस्टच्याही नव्हतं. पलटणीतून एक पत्र आलं, की जागा थोड्या, नावं फार, वाईट वाटून घेऊ नये. ते पत्र त्यांनी बंबात घातलं. तोवर दारावर पाटी लागली होती, 'ऑ. लेफ्टनंट हंबीरराव य. बर्गे', अक्षरं पिवळी, जमीन लाल. साडेसात महिन्यांनी गावाला काय सांगायचं? पेढे परत द्या?

मग ते तसंच चालू राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्र्याण्णवला थोरली राजेश्वरी कवठे महांकाळला दिली, तेव्हा पत्रिकेत छापलं 'ऑ. लेफ्टनंट यांची ज्येष्ठ कन्या', आणि व्याह्यांनी मांडवात माईकवरून ते तीनदा घोषित केलं. साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनचं कार्ड हंबीरराव पोराच्या हाती कधी देत नसत, कारण कार्डावर सुभेदार लिहिलं होतं. पेन्शनला बँकेत एकटेच जात. आणि दर पंधरा ऑगस्टला, दर सव्वीस जानेवारीला, काळा कोट घालून, छातीवर मेडलं लावून शाळेच्या झेंड्याची दोरी ओढत. आमच्या गावचा रिवाजच होता. ग्रामपंचायतीचा झेंडा सरपंचाचा, पण शाळेचा झेंडा गावातल्या सगळ्यात मोठ्या फौजीचा. त्या दोन दिवसांसाठी हंबीरराव बाकीचं वर्ष जगत होते म्हटलं तरी चालेल.

आणि आता लक्ष्मीबाईचा अर्जुना तुमच्यागत झाला.

"बरोबरीला आला, येऊ द्या," असं ते आप्पासोला म्हणाले. आप्पासो म्हणजे गावातला पेन्शनर हवालदार, जिभेला हाड नसलेला. तो लगेच म्हणाला, "बरोबरीलाच हाय तवर हाय. पुढं सरकला तर काय करताय?"

आणि शहाण्णवच्या जानेवारीत सरकला की तो. ऑनररी कॅप्टन.

हंबीररावांचा असा तिळपापड झाला की दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. दुसरा कुणी झाला असता तर एवढं लागलं नसतं. मेढ्याकडचा कुणी, कऱ्हाडकडचा कुणी, होऊ द्या बापडा. पण अर्जुना? ज्याचा बाप त्यांच्या बांधावर उसाचं पाचट ओढायला यायचा? आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. अर्जुनाला फौजेत घातला कुणी? खुद्द हंबीररावांनी. अडुसष्ट साली भरतीत पोराची छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून परत पाठवला होता. हंबीरराव तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर. त्यांनी त्याला खळ्यावर पळवला, श्वास धरायला शिकवला, डावा-उजवा शिकवला, काठीनं पोटऱ्यांवर मारलं. पुढच्या भरतीत पोरगा पास. तेव्हापासून तो त्यांना उस्ताद म्हणायचा. महार रेजिमेंटमध्ये गेला आणि अठ्ठावीस वर्षांत कुठल्या कुठं पोचला. आपणच पेरलं आणि पीक त्याच्या घरात गेलं, असं त्यांना होऊन गेलं. जातीचं मला काही नाही, असं ते उगाचच मधूनमधून म्हणायला लागले. कुणी विचारलेलंही नसायचं.

मनुबाई गिरणीतून आल्या त्याही फणकारतच.

"आवं, कॅप्टन मोठा का लेप्टन मोठा?"

"ते बघण्यावर हाय."

"बघण्यावर कसं? बायका म्हंत्यात कॅप्टनला तीन चांदण्या, लेप्टनला दोन."

"चांदण्या मोजून माणूस मोठा हुतो व्हय?" हंबीरराव ओरडले. मनुबाईंनी पिठाचा डबा असा आपटला की चुलीपर्यंत पीठ उडालं.

मे महिन्याच्या अखेरीला अर्जुना पेन्शनीला आला. फाट्यावर हलगी, फेटे, हार, सगळं तसंच. माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष म्हणून स्वागताचं भाषण करायची पाळी हंबीररावांवर. त्यांनी भाषणात पहिली पाच मिनिटं अर्जुनाच्या छातीचा अर्धा इंच सांगितला. मग म्हणाले, "आता ऑनररी म्हंजे काय, हे लोकांनी समजून घ्यावं. ऑनररी म्हंजे मानाचं. त्याला हुकूम न्हाई, कंपनी न्हाई, काय न्हाई. नुस्तं नावाम्होरं लावायचं. मुंडावळ्यागत. कुणी फार हुरळून जाऊ ने."

मागनं आप्पासो म्हणाला, "म्हंजे तुमचंबी तसंच की, लेप्टन."

लोक हसले. अर्जुना नाही हसला. तो उभा राहिला, हंबीररावांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "मी जो काय हाय तो उस्तादांचा हाय." टाळ्या पडल्या. हंबीररावांना वाटलं, बघा, भाषण माझं आणि टाळ्या ह्यानं नेल्या.

त्यानंतरचे दोन महिने त्यांचं एकच काम. अर्जुना काय करतो बघायचं आणि जळायचं. त्यानं वस्तीतल्या विहारासमोर झाडं लावली, तर हे म्हणाले, दिखावा. तहसीलदारानं त्याला खुर्ची दिली, तर म्हणाले, आजकाल खुर्च्या लय झाल्यात. सरपंच जयराज, हा कालचा पोरगा, येता-जाता "कॅप्टनसाहेब, चहा" करत होता, तो तर त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. पूर्वी हाच जयराज "लेप्टनकाका" म्हणून त्यांच्या मोटरसायकलीमागं धावायचा.

पण खरी धास्ती वेगळी होती. पंधरा ऑगस्ट जवळ येत होता. रिवाजाप्रमाणं दोरी सगळ्यात मोठ्या फौजीची. आता मोठा कोण, हे शाळकरी पोरंसुद्धा सांगत होती.

ऑगस्टाच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. सरपंच, हेडमास्तर, नऊ-दहा माजी सैनिक. जयराजनं विषय काढला, की यंदा झेंडा कॅप्टनसाहेबांच्या हस्ते करावा असं पंचायतीचं मत आहे. लेप्टनकाका मोठ्या मनाचे आहेत, ते काही म्हणणार नाहीत.

मोठं मन. हंबीररावांचं मन त्या वेळी सुपारीएवढं झालं होतं. ते उठले आणि रागाच्या भरात बोलून बसले, "मत कसलं? फौजेत मतावर चालत न्हाई, कागदावर चालतंय. आजकाल कुणीबी कायबी लावतंय नावाम्होरं. आदी कागद दाखवा म्हणावं, राष्ट्रपतींच्या शिक्क्याचा. मग बगू कॅप्टन हाय का कोण हाय."

अर्जुना खांबाला टेकून बसला होता. त्यानं हंबीररावांकडं नुसतं बघितलं.

आप्पासोला असल्या वेळी गप्प बसवत नाही. "बरुबर हाय लेप्टनचं," तो म्हणाला. "कागद बगावाच. मग दोघांचंबी बगू. पंदरा ऑगस्टला झेंड्याम्होरं आणा. ज्याचा मोठा त्याची दोरी."

"ठरलं," जयराज म्हणाला, आणि हेडमास्तरांनी तसं वहीत लिहूनसुद्धा टाकलं.

आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा. अर्जुनाला पाडायला खड्डा खणला आणि त्यात आधी स्वतःच उभे. साताऱ्याला जाऊन कुणाकडून कागद करून आणावा, असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षांत एक काडतूस इकडचं तिकडं केलं नाही, त्याचा हात तिथं गेला नाही. पेढ्याचं खोटं वेगळं आणि शिक्क्याचं खोटं वेगळं. मग त्यांनी ठरवलं, वाळवीनं खाल्ला म्हणून सांगायचं. लोक मानतील न मानतील. कवठे महांकाळला व्याह्यांच्या कानावर गेलं म्हणजे राजेश्वरीला काय ऐकावं लागेल, हे मनात आलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा.

चौदा तारखेला दुपारी अर्जुना घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी. हंबीररावांनी बस म्हटलं नाही, मग तो आपणच खुर्ची ओढून बसला. आत मनुबाईंनी राजेश्वरीच्या लग्नातला, सोनेरी काठाचा कपबशीचा सेट काढला. अर्जुनाच्या बापाला ह्याच घरात परसात, कान तुटलेल्या कपात चहा मिळायचा, हे तिघांनाही आठवत होतं. हंबीररावांना मात्र दुसरंच दिसलं. ते स्वतः घरचे लेप्टन असून त्यांना रोज स्टीलच्या पेल्यात चहा मिळत होता.

मनुबाई आत गेल्यावर अर्जुना हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, उद्या मी कागद आणत न्हाई."

"का? भ्यालास?"

"मी आणला की तुमाला आणावा लागंल."

हंबीररावांनी बशी खाली ठेवली.

"नव्वद सालची यादी मी पलटणीत वाचली हुती," अर्जुना खाली बघत म्हणाला. "माझ्या उस्तादाचं नाव हाय म्हणून पोरांना दाखवाया घेतली. दोनदा बगितली. ऑगस्टची बी बगितली. रजंवर आलो तवा दारावरची पाटी वाचली आन् गप बसलो. कुणाला बोललो न्हाई. अंबूबाईलाबी न्हाई." अंबूबाई म्हणजे त्याची बायको.

म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षं हा पोरगा दर रजेला दारावरून जाताना "जयभीम, लेप्टन उस्ताद" म्हणत होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं. हंबीररावांना कानशिलात बसल्यासारखं झालं.

"तुज्याकडं तरी हाय का कागद?" त्यांनी विचारलं. शेवटची आशा हो, दुसरं काय. नसला तर बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अर्जुनानं पिशवीतून काढून दिला. जाड, पांढरा कागद, वर तीन सिंह, खाली शिक्का, आणि मधे शाईनं लिहिलेलं नाव. हंबीररावांनी नावावरून अंगठा फिरवला. तिथं आपलं नाव कसं दिसलं असतं, ते त्यांनी बघून घेतलं. हंबीरराव यशवंतराव बर्गे, मावलं असतं त्या ओळीत. त्या घटकेला तो कागद टराटरा फाडावा असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात अर्जुनानं तो अलगद काढून घेतला.

"आन् लक्ष्मीबाई?" ते म्हणाले. "म्हातारी सांगत फिरतीया, माझ्या अर्जुनाच्या हातनं झेंडा वर जाताना बगायचा आन् मग डोळं मिटायचं."

"तिला सांगीन कायतरी. पुढच्या साली बगंल."

"ऐंशी वर्साची हाय ती."

"व्हय," अर्जुना म्हणाला, चहा संपवला आणि गेला. एवढंच बोलून गेला.

पंधरा ऑगस्टला सकाळी शाळेपुढं सगळा गाव लोटला. झेंड्याचं नसतं एवढं कौतुक त्या कागदांचं होतं. पुढं पोरांच्या रांगा, बाजूला खुर्च्यांवर फौजी, आणि मुलींच्या रांगेशेजारी जमिनीवर, धुतलेलं हिरवं लुगडं नेसून बसलेली लक्ष्मीबाई. जयराजनं माईक घेतला आणि कागद मागितले.

अर्जुना उठला. कोट, मेडलं, निळी टोपी. म्हणाला, "माझा कागद घरात सापडंना. माफी असावी."

एक क्षण कुणाला काही कळेना. मग मागं कुजबूज सुरू झाली, आणि कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "सापडंना? मग तीन चांदण्या बाजारातनं आणल्या का काय?" हशा पिकला. अर्जुना तसाच ताठ उभा. लक्ष्मीबाई आधी लेकाकडं बघत होती, मग तिनं मान खाली घातली आणि लुगड्याचा काठ बोटांनी सारखा करायला लागली.

जयराज गोंधळला. "मग रिवाजाप्रमाणं लेप्टनकाकांनीच..." असं म्हणत त्यानं हंबीररावांना झेंड्याकडं नेलं. त्यांचा कागद कुणी मागितलाच नाही. वाळवीचं सांगायची वेळच आली नाही. दोरी हातात आली.

जिंकले की. पाहिजे होतं ते झालं. अर्जुना खाली पडला, गाव त्याला हसला, दोरी हातात. आनंद व्हायला हवा होता. पण हंबीररावांच्या अंगाची जी आग झाली ती साडेसहा वर्षांत झाली नव्हती. ही दोरी त्यांची नव्हती. अर्जुनानं दिली होती. त्याच्याकडं दाखवण्यासारखं होतं म्हणून त्याला ते लपवण्याचा मोठेपणाही करता येत होता. ह्यांच्याकडं ना दाखवायला, ना लपवायला. ह्या उपकाराखाली दर पंधरा ऑगस्टला उभं राहायचं, दर सव्वीस जानेवारीला उभं राहायचं, आणि मेल्यावर तिरडीमागून हाच कॅप्टन मनातल्या मनात म्हणत येणार, मी झाकलं म्हणून झाकलं गेलं. कॅप्टन झाला ते सोसलं असतं. पण हा पोरगा आता मनानंही मोठा ठरणार? हे काही हंबीररावांना सोसेना. दया बिया काही नाही हो, निव्वळ जळून त्यांनी दोरी सोडली.

"थांब," ते म्हणाले, आणि जयराजच्या हातातला माईक ओढून घेतला. "कागद हाय त्याच्याकडं. काल माझ्या घरात, ह्या डोळ्यांनी बगितलाय. राष्ट्रपतींच्या शिक्क्याचा. कागद न्हाई तो माझ्याकडं. कवाच नव्हता. नाव वर गेलं हुतं, आलं न्हाई. मी सुभेदार म्हणून गेलो आन् सुभेदार म्हणून आलो. आता ये रं, कॅप्टन. धर तुझी दोरी. मला नगं तुझं उपकार."

आप्पासोच्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप. अर्जुना पुढं आला, त्यानं हंबीररावांकडं एकदा बघितलं, आणि दोरी ओढली. फुलं पडली, झेंडा उघडला. लक्ष्मीबाई कुणाचा तरी हात धरून उठली आणि सलामी संपली तरी उभीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गावानं एक केलं. गाव त्यांना सुभेदार म्हणायला लागला. "रामराम, सुभेदार." "कुठं निगाला, सुभेदार?" प्रत्येकजण शब्द नीट, ठासून उच्चारायचा. अठ्ठावीस वर्षं राबून, रक्ताचं पाणी करून मिळवलेली ती सुभेदारी. खरी, कागदाची, पेन्शनची. पण गावाच्या तोंडून ऐकताना ती त्यांना शिक्षा झाल्यासारखी वाटायची, जणू चावडीवर उभं करून कुणी खांद्यावरचं काढून घेतलंय. आणि वर अर्जुना. तो अजून उस्ताद म्हणायचा, पूर्वीसारखंच. ते तर त्यांना शिवीपेक्षा वाईट लागायचं.

मनुबाई चार दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत. भाकरी टाकत, पाणी देत, तोंड फिरवून निघून जात.

चौथ्या दिवशी नागपंचमी. राजेश्वरी कवठे महांकाळहून माहेरी आली होती. सासरी कळलंय का, हे तिला विचारायचं धाडस हंबीररावांना झालं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. दुपारी मनुबाईंनी ठेवणीतलं जरीकाठी लुगडं काढलं, नथ घातली आणि पूजेचं ताट घेतलं.

"नगं जाऊस," हंबीरराव म्हणाले. "बायका हसतील."

मनुबाई लेकीला घेऊन निघाल्या. हंबीररावांना घरात बसवेना. ते मागनं गेले आणि ओढ्याकाठच्या वडाखाली, बायकांना दिसणार नाही अशा बेतानं बसले. वारुळाची पूजा झाली, फुगड्या झाल्या, आणि मग बायकांनी एकेकीला नाव घ्यायला धरलं. मनुबाईंची पाळी आली तशा सगळ्या पुढं सरकल्या. आता ही काय म्हणते, हे ऐकायचं होतं सगळ्यांना. हंबीररावांनी डोळे मिटून घेतले.

मनुबाईंनी पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"वारुळाला वाहिल्या लाह्या आन् जाईची फुलं,
लेप्टन हंबीररावांचं नाव घेते, ऐका गं लेकी-मुलं."

कुणी हसलं नाही. मनुबाईंनी एकेकीच्या डोळ्यांत बघितलं, आणि एकेक नजर खाली गेली. मग एक म्हातारी म्हणाली, "चला, पुढची कोण? लेप्टनिणीला बसाया जागा द्या गं."

वडाखाली बसलेल्या हंबीररावांना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या बायकोचा हेवा वाटला.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अगं, मी साऱ्या गावाम्होरं, माईकवर सांगितलंय की मी लेप्टन न्हाई."

मनुबाईंनी नथ काढून डबीत ठेवली.

"ते तुमी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मी कवा सांगितलं?"

आणि चुलीकडं वळून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.